सुकट महागली ही अर्धीच बातमी, उरलेली अर्धी समुद्रात आहे

प्रति,
मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

विषय : मासळीच्या भावाच्या बातम्या आणि तापत चाललेला समुद्र

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक चौकट होती, आठवडे बाजारात सुकट-बोंबील कडाडले म्हणून. कारण काय दिलं, तर आवक घटली आणि मागणी वाढली. बरं मग आवक का घटली? तिथे बातमी संपली. माझं दोंडाईच्याला किराणा आणि सुक्या मासळीचं दुकान आहे, वडिलांपासून चालत आलेलं, आणि मी बी.एस्सी. झूलॉजी केलंय (त्याचा नोकरीला काही उपयोग झाला नाही ते सोडा), त्यामुळे या चौकटीवर चार ओळी लिहाव्या म्हटलं. लिहिता लिहिता लांबलं. जागा नसेल तर कापा, पण बोंबलाचा भाग कापू नका एवढीच विनंती.

दुकानावर गिऱ्हाईक विचारतंच, भो, बोंबील इतला महाग कसाले? आणि मी समुद्राचं काही सांगायला लागलो की म्हणतं, समुद्र कोठे देखेल शे आपन, तू भाव सांग. आता त्याचं पण खरंय. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत समुद्र नाही, इथल्या कित्येक माणसांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो मुंबईला हॉस्पिटलच्या कामाला गेल्यावर. पण घरात भाजी नसली की तव्यावर भाजलेली सुकट आणि कळण्याची भाकरी हे चालतंच ना, आणि नंदुरबारची मिरची घालून केलेलं बोंबलाचं कालवण पाव्हण्याला पण चालतं. म्हणजे समुद्र ताटात आहे, पेपरात नाही.

आधी एक गोष्ट क्लियर करतो. समुद्र मरतोय, मासे संपणार, जग बुडणार, असलं मला काही सांगायचं नाहीये, तसल्या पोस्ट व्हॉट्सॲपवर रोज येतात, आणि त्यात बर्फावर बसलेलं एक अस्वल असतंच. माझं म्हणणं एवढंच की समुद्रात कोण कोणाला खातं हा सगळा हिशोब बदलायला लागलाय, आणि तो खालून बदलतोय, डोळ्याला दिसत पण नाहीत अशा जिवांपासून. वरती आपल्याला दिसतो तो फक्त भाव.

मे महिन्यात भुसावळ पंचेचाळीसच्या वर गेलं की तुम्ही पहिल्या पानावर छापता, बरोबर आहे, छापलंच पाहिजे, माणसं उष्माघाताने जातात. पण माणसाने कोळसा-पेट्रोल जाळून जी जास्तीची उष्णता पृथ्वीवर अडकवली तिच्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त समुद्राने गिळलीय. हवेत राहिली ती उरलीसुरली, आणि तेवढ्यानेच आपली ही हालत आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेमध्ये रॉक्सी मॅथ्यू कोल म्हणून शास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या टीमने २०१४ साली दाखवलं की हिंदी महासागराचा पश्चिमेकडचा भाग, म्हणजे आपल्या अरबी समुद्राकडची बाजू, १९०१ ते २०१२ या काळात जून ते सप्टेंबर या महिन्यांत साधारण १.२ डिग्रीने तापली. आता सव्वा डिग्री ऐकून आपल्याकडचा माणूस हसेल, कारण आपण पहाटे गोधडी आणि दुपारी लाही लाही एकाच दिवसात काढणारी माणसं. पण मासा आपल्यासारखा गरम रक्ताचा नाही, पाण्याचं जे टेम्परेचर तेच त्याच्या अंगाचं. पाणी एक डिग्रीने तापलं की त्याची भूक वाढते, श्वास वाढतो, अंडी घालायचा टाइम पुढेमागे होतो, आणि त्याला सावलीला पण बसता येत नाही. एक तर खोल जायचं, नाहीतर थंड पाण्याकडे सरकायचं. आपला बांगडा पूर्वी बहुतेक दक्षिणेकडेच मिळायचा, तो आता वर गुजरातकडे पण मिळतो आणि पूर्वीपेक्षा खोल पाण्यात पण सापडतो, हे कोचीच्या सीएमएफआरआय या केंद्र सरकारच्या मत्स्य संशोधन संस्थेने बऱ्याच वर्षांपूर्वी नोंदवून ठेवलंय.

सरकणं हे मोठ्या माशाला जमतं. खरी गडबड आहे ती बारक्यांची.

समुद्रात झाडं नसतात, तिथे चारा म्हणजे वनस्पती प्लँक्टन, सुईच्या टोकावर पण कितीतरी मावतील एवढे बारीक जीव, उन्हावर जगणारे. जगातल्या ऑक्सिजनचं जवळजवळ निम्मं उत्पादन या बारक्यांचं आहे, झाडं लावा झाडं जगवा करताना हे कोणाच्या लक्षात पण येत नाही. त्यांना ऊन पाहिजे, जे वर आहे, आणि नायट्रेट-फॉस्फेट सारखं खत पाहिजे, जे खाली थंड पाण्यात आहे. वारा सुटला, थंडी पडली की वरचं पाणी आणि खालचं पाणी ढवळलं जातं आणि खत वर येतं. आता वरचं पाणी जास्त तापलं की ते हलकं होऊन वरच राहतं, शेवभाजीवर तर्री राहते ना तसं, चमचा फिरवल्याशिवाय खालचा रस्सा वर येतच नाही. मग वर ऊन भरपूर आणि खत शून्य. त्याच कोल साहेबांच्या टीमने २०१६ मध्ये लिहिलं की पश्चिम हिंदी महासागरात गेल्या साठेक वर्षांत हे वनस्पती प्लँक्टन २० टक्क्यांपर्यंत घटलं असावं. आपल्या शेतकऱ्याला हे दोन मिनिटांत समजतं, गावातला वीस टक्के चारा गेला तर दुधाचं काय होईल ते त्याला विचारा.

आणि समुद्रात दुधापेक्षा वाईट गणित आहे. एका पायरीवरून वरच्या पायरीवर साधारण दहा टक्केच पोचतं, बाकी जगण्यात, पळण्यात, श्वासात खर्च होतं. हजार किलो वनस्पती प्लँक्टन असेल तर त्यावर शंभर किलो बारीक प्राणी प्लँक्टन, त्यावर दहा किलो लहान मासे, त्यावर एक किलो मोठा मासा. म्हणजे सुरमई खाणाऱ्याने एका किलोला हजार किलो न दिसणारा चारा खाल्लेला असतो. पायऱ्या कमी असल्या की फायदा, म्हणून तारली, जवळा (बारीक कोळंबीसारखा जीव, सुकवला की तीच आपली सुकट) असली खालच्या पायरीवरची मंडळी समुद्रात टनावारी असतात आणि गरिबाला परवडतात. आता हीच पायरी हलतेय.

तारलीचं उदाहरण घ्या. आपल्याकडे तारली फार कोणी खात नाही, पण केरळात ती रोजची. पावसाळ्यात मलबार किनाऱ्याला खालचं थंड पाणी वर येतं, डायटम नावाचं प्लँक्टन फोफावतं आणि तारली त्यावर ताव मारते. २०१२ साली केरळात तारली जवळजवळ चार लाख टन मिळाली होती. २०२१ साली किती? साडेतीन हजार टन पण नाही. शंभरातली एक राहिली. मध्ये २०१५ चा मोठा एल निनो (प्रशांत महासागर तापतो ते चक्र) होऊन गेला, पाणी तापलं, पावसाळी प्लँक्टनचं वेळापत्रक बिघडलं, त्यात आधीच्या वर्षांत पिल्लं पण बेसुमार मारलेली. नंतरच्या वर्षांत तारली पुन्हा वाढली, हे पण सांगितलं पाहिजे, नाहीतर मी पण त्या व्हॉट्सॲपवाल्यांसारखाच. पण चार लाखावरून साडेतीन हजार आणि मग परत वर, असा झोका ज्या धंद्यात चालतो तिथे होडीवाल्याने बँकेचा हप्ता कसा भरायचा?

तुम्ही म्हणाल केरळचं आम्हाला काय. नवापूरच्या पोल्ट्र्या तर आपल्याच आहेत ना, २००६ च्या बर्ड फ्लूने ज्यांचं नाव देशभर झालं त्याच. कोंबडीच्या खाद्यात मका आणि सोयाबीनची पेंड मुख्य, पण फिशमील (माशाची भुकटी) आणि कुटी मासळी पण वापरतात, आणि फिशमील असल्याच स्वस्त बारीक माशापासून होतं. मासळी शिवत नाही म्हणणारा माणूस अंडं खातो तेव्हा थोडासा समुद्र खातोच. हे मी एका शुद्ध शाकाहारी मित्राला सांगितलं तर तो म्हणे मी तर दूध पितो फक्त. बरं.

आता बाहेरचे दोन किस्से, कारण तिकडे मोजमाप चांगलं ठेवलेलं असतं. अलास्काजवळ बेरिंग समुद्र आहे, तिथला स्नो क्रॅब म्हणजे मोठा खेकडा जगभर विकला जातो. २०१८-१९ ला तिथे समुद्रात उष्णतेची लाट आली, हो, समुद्रात पण उष्णतेची लाट येते. त्यानंतरच्या मोजणीत १० अब्जाहून जास्त खेकडे गायब. आधी लोकांना वाटलं दुसरीकडे गेले असतील. मग शास्त्रज्ञांनी हिशोब लावला तर उपासमार निघाली. पाणी कोमट झालं की खेकड्याच्या अंगाला जास्त खाणं लागतं, आणि थंड पाण्याचा जो मोकळा एरिया त्यांना लागायचा तो आकसला, सगळे दाटीत आले, खाणं पुरलं नाही. २०२२ साली तिथली ही खेकडेमारी सरकारने बंद ठेवली, इतिहासात पहिल्यांदा.

दुसरा किस्सा मला जास्त विचारात पाडतो. २०१४ ते २०१६ मध्ये उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला गरम पाण्याचा एक मोठा पट्टा तयार झाला होता, त्याला तिकडे 'ब्लॉब' म्हणतात. तिथे मर नावाचा पक्षी आहे, काळा-पांढरा, पाण्यात बुडी मारून लहान मासे पकडणारा. २०१५-१६ च्या हिवाळ्याच्या सुमाराला त्याचे ६२ हजार मेलेले पक्षी किनाऱ्यावर सापडले, आणि किनाऱ्याला लागतात ते मेलेल्यातले थोडेच. नंतरच्या अभ्यासात फक्त अलास्कात सुमारे ४० लाख मेले असा अंदाज निघाला, म्हणजे तिथले निम्मे. सगळे उपाशी. झालं काय, तर गरम पाण्यात प्राणी प्लँक्टन बारीक आणि कमी चरबीचं झालं, ते खाऊन लहान मासे पण बारीक राहिले. हे खालून. आणि वरून काय, तर कॉडसारख्या मोठ्या माशांची भूक गरम पाण्यामुळे वाढली, त्यांनी तेच लहान मासे जास्त खायला घेतले. पक्षी मधल्या मध्ये चेपला गेला. उन्हाने पक्षी मेला असं कुठे दिसणारच नाही, कारण पक्ष्याला ऊन लागलंच नाही. शेवटी कॉड पण कमी झाला, अलास्काच्या आखातातली कॉडची मासेमारी २०२० ला बंद ठेवावी लागली. मला वाटतं तुमच्या रिपोर्टरने आवक घटली असं लिहिताना ही गोष्ट डोक्यात ठेवावी, की कारण कधी कधी दोन पायऱ्या खाली असतं.

आता बोंबील. हा कापू नका म्हणालो तो भाग.

बोंबील हा आपल्या बाजूचा मासा, खंबातच्या आखाताच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे सौराष्ट्राच्या किनाऱ्यापासून मुंबईपर्यंत. आपल्याकडे येणारा सुका माल जाफराबादकडून येतो, नाहीतर वसई, सातपाटी, वर्सोवा, उत्तनकडून. डोल जाळ्यात (प्रवाहात बांधलेलं पिशवीसारखं जाळं) बोंबील आणि जवळा बरोबरच येतात कारण बोंबील जवळ्याच्या मागे असतो, जवळा हेच त्याचं मुख्य खाणं, आणि जवळा खालचं प्लँक्टन आणि गाळातलं बारीक सारीक खातो. (तुमच्या चौकटीत जवळा म्हणून जो फोटो होता तो कोळंबीचा होता.) याच आखातात सुरतेपाशी आपली तापी जाऊन मिळते, गिरणा, पांझरा, वाघूर, अनेर, गोमाई सगळ्यांचं पाणी घेऊन. नदी जो गाळ आणि क्षार नेते त्यावर त्या आखाताचं खालचं जग चालतं. म्हणजे आमच्या शेतातली माती वाहून जाते आणि सुकट होऊन परत येते, असं मी गिऱ्हाइकाला सांगतो, ते हसतं पण पाव किलो घेतं. अर्थात १९७२ ला उकाई झालं, वर हतनूर आहे, प्रकाशा-सारंगखेड्याचे बॅरेज आहेत, पाणी आणि गाळ अडतोच, आणि रावेर-यावलच्या केळीला टाकलेल्या युरियातला जो वाहून जातो तो पण त्याच नदीत जातो. हे क्लायमेटचं नाही, आपलं आहे.

बोंबील हातात घेतलेला कोणीही सांगेल की हा मासा लिबलिबीत असतो. त्याच्या अंगात जवळजवळ ९० टक्के पाणी, बाकीच्या माशांत ७५ च्या आसपास. म्हणूनच तर सुकवल्यावर एवढासा होतो आणि आमचा वजनाचा सगळा खेळ तिथे असतो. पण पाणी जास्त आणि मांस कमी म्हणजे त्याला ऑक्सिजन कमी लागतो. आता गंमत बघा. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि वरचं-खालचं पाणी ढवळलं नाही तर खाली तो पोचत पण नाही. १९६० पासून जगातल्या समुद्रांनी साधारण दोन टक्के ऑक्सिजन गमावलाय. चीनच्या किनाऱ्याला शेतीचं खत आणि शहराची घाण मिळून अजूनच वाईट. तिथे बाकीचे मासे कमी झाले आणि बोंबील वाढला! संशोधनाच्या बोटींना तिथे तासाला दोनशे किलोपर्यंत बोंबील मिळायला लागला, दहा वर्षांपूर्वीच्या दहापट. डॅनियल पॉली म्हणून माशांचे मोठे शास्त्रज्ञ आहेत, ते पण त्या कामात होते.

माझ्यासारख्या बोंबील विकणाऱ्याने हे वाचून खूश व्हावं का? मी आधी झालो, खोटं कशाला बोलू. मग डोक्यात आलं की बोंबील वाढला ही त्या पाण्याची तब्येत बिघडल्याची खूण आहे, जिथे रावस-घोळ जगत नाही तिथे हा जगतो. आणि अरबी समुद्रात तर आधीपासूनच दीडशे-दोनशे मीटरच्या खाली हजार मीटरपर्यंत कमी ऑक्सिजनचा जगातल्या सगळ्यात मोठ्या पट्ट्यांपैकी एक पट्टा आहे. आपल्याकडे उद्या बोंबील वाढेल का कमी होईल हे मी सांगू शकत नाही, कारण आपल्याकडे जवळा कमी झाला तर बोंबील काय खाणार, आणि बोंबील भूक लागली की बोंबलालाच खातो. मला फक्त एवढं दाखवायचंय की समुद्र तापला म्हणजे सगळेच मासे सारखे कमी होतात असं नसतं. कोणी हरतं, कोणी जिंकतं, आणि जे जिंकतं ते आपल्या ताटाला चालेलच असं नाही.

तसंच एक जिंकलेलं प्रकरण म्हणजे नॉक्टिल्युका. कोकणात रात्री लाटा निळ्या चमकतात त्याचे व्हिडिओ तुम्ही पण पाहिले असतील, लोक खास बघायला जातात. चमकणारा हा बारीक जीव उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात आता खूप मोठ्या प्रमाणात वाढतो. याच्यामागे हिमालय आहे असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. हिमालयावरून येणारा थंड कोरडा वारा हिवाळ्यात अरबी समुद्राचं पाणी थंड करायचा, थंड पाणी जड होऊन खाली बसायचं आणि खत वर यायचं, त्यावर डायटम वाढायचे. बर्फ कमी झाला, वारा पूर्वीइतका थंड-कोरडा राहिला नाही, ढवळणं कमी झालं. डायटम उपाशी आणि नॉक्टिल्युका मजेत, कारण तो ऊन पण वापरतो आणि दुसऱ्याला खातो पण, शिवाय कमी ऑक्सिजन त्याला चालतो. पण त्याला खाणारं कोण, तर जेलीफिश आणि तसाच लिबलिबीत सॅल्प नावाचा जीव. तारलीला, कोळंबीला, त्यांच्या पिल्लांना त्याचा फार उपयोग नाही. म्हणजे चारा हिरवागार दिसतोय पण गुरं खात नाहीत. हिमालयातला बर्फ आणि ओमानकडचा मासा, मध्ये केवढं अंतर, पण संबंध लागला.

आम्लाचं थोडक्यात सांगतो. आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण पाव हिस्सा समुद्र पितो, भुसावळजवळ दीपनगरच्या वीज केंद्रात कोळसा जळतो त्यातला पण आलाच. त्याने पाण्याचा पीएच ८.२ वरून ८.१ वर आला, दिसायला किरकोळ पण आम्लपणात ती तीस टक्क्यांच्या आसपास वाढ आहे. शिंपल्या, कालवं, पोवळी आणि काही प्लँक्टन यांना कवच करायला चुना लागतो, तो मिळवणं अवघड होतं. अमेरिकेत ओरेगन-वॉशिंग्टनच्या हॅचऱ्यांमध्ये (पिल्लं तयार करायची केंद्रं) २००५ नंतर काही वर्षं कालवांची पिल्लं लाखोंनी मेली ती यामुळेच.

पोवळ्यांचं लोकांना माहीत आहे, पाणी तापल्यामुळे लक्षद्वीपला १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ ला पांढरी पडली, मन्नारच्या आखातात २०२० च्या मे महिन्यातल्या समुद्री उष्णतेच्या लाटेनंतर ८५ टक्के पांढरी पडल्याची नोंद आहे. कासवाचं मात्र कमी लोकांना माहितीय. वेळासला कासव महोत्सव होतो, पिल्लं समुद्रात सोडतात, छान उपक्रम आहे. कासवाचं पिल्लू नर होणार का मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं, साधारण २९ डिग्रीच्या वर वाळू गेली की माद्या जास्त. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या लहान कासवांत ९९ टक्के माद्या निघाल्या, २०१८ सालचा अभ्यास आहे. अजून तापलं तर अंडं आतच खराब होतं.

आता मला माहीत आहे की कोळी बांधव हे वाचतील तर म्हणतील, सगळं क्लायमेटच्या माथी मारून पर्ससीनवाल्यांना (मोठ्या जाळ्याने अख्खा थवा वेढून पकडणाऱ्यांना) मोकळं सोडू नका. बरोबर आहे त्यांचं. २०१७ ला केंद्राने एलईडी लाइट लावून मासेमारीला बंदी घातली तरी तक्रारी चालूच आहेत, बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यात पापलेटची पिल्लं येतात, आणि त्याच पापलेटला आपण २०२३ मध्ये राज्य मासा केलंय. पण तापलेला समुद्र आणि बेसुमार मासेमारी हे दोन वेगळे विषय म्हणून भांडण्यात अर्थ नाही. ज्या वर्षी चारा कमी, त्या वर्षी पिल्लं पण मारली तर पुढच्या वर्षी काय राहणार? चांगल्या वर्षी ही चूक समुद्र पचवायचा, आता पचवायची ताकद कमी झालीय.

त्यात वादळं. २०१९ साली अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरला क्यार आणि महा लागोपाठ आली, म्हणजे ऐन सीझनमध्ये होड्या किनाऱ्याला. २०२० ला निसर्ग, २०२१ ला तौक्ते. गरम पाणी हे वादळाचं इंधन आहे. आणि सुक्या मासळीला तर वादळ किनाऱ्याला धडकायची पण गरज नाही. बोंबील जबड्यात जबडा अडकवून बांबूच्या मांडवावर टांगतात, जवळा खाली उन्हात पसरतात, डिसेंबर २०१७ ला ओखी वादळाच्या पावसाने किनाऱ्यावर असा सुकत घातलेला माल भिजवला. भिजलेला माल मग खतालाच जातो. इथे आपल्याकडे त्याच ढगाळ हवेत कापूस भिजतो, तूर जाते. तुमच्या पेपरात कापसाची बातमी येते, पंचनाम्याची येते, आणि दोन महिन्यांनी सुकट कडाडल्याची येते, पण या तिन्ही बातम्या एकाच समुद्रातून आल्या हे कुठेच येत नाही. कोल साहेबांच्याच २०१७ च्या पेपरात होतं की मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर पडणारा अतिवृष्टीचा पाऊस १९५० ते २०१५ मध्ये तिपटीने वाढला, आणि त्याला लागणारी वाफ तापलेल्या अरबी समुद्रावरून येते. आपल्या बांधावर जो पाऊस एका रात्रीत पडून जातो त्याचा आणि जवळ्याचा मूळ पत्ता एकच आहे.

म्हणून माझी मागणी मोठी नाहीये. अग्रलेख लिहा म्हणत नाही. मासळीच्या भावाची बातमी करताना फक्त इथल्या व्यापाऱ्याला (म्हणजे मलाच) फोन करू नका, आम्हाला फक्त कालचा आणि आजचा भाव माहीत असतो. सातपाटीला किंवा जाफराबादला एक फोन लावा, वर्सोव्याला सीएमएफआरआयचं केंद्र आहे, सीआयएफई ही मत्स्य शिक्षण संस्था पण तिथेच आहे, त्यांना विचारा की यंदा जवळा कसा आहे. आपल्या भागातल्या कॉलेजांत झूलॉजीचे प्राध्यापक आहेत, त्यांच्याकडून महिन्याला एक कॉलम लिहून घ्या, पोरांना पण समजेल की झूलॉजी म्हणजे बेडूक कापणं एवढंच नसतं.

आणि एक शेवटचं. तुम्ही रोज हवामानाची चौकट देता, जळगाव, धुळे, नंदुरबार, कमाल-किमान. त्याच्या खाली एक ओळ वाढवा, अरबी समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आज किती आणि नेहमीपेक्षा किती जास्त. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्राची ही माहिती रोज आपल्या साईटवर टाकते, फुकट आहे, त्याला वेगळा रिपोर्टर लागत नाही.

आपला नेहमीचा वाचक,
सुक्या मासळीचा एक दुकानदार, दोंडाईचा, जि. धुळे
(नाव छापू नये, गिऱ्हाईक आधीच म्हणतं की हा मासे कमी विकतो आणि बोलतो जास्त.)